शेजारणीचा बाबू चालला, आमची अजून खुरडतेच!

(वाचकांचे प्रश्न, डॉक्टरबाईंची उत्तरं)

या खेपेच्या पत्रांत दोन गोष्टी घरोघरी आहेत: पाऊस आणि शेजारीण. दुपटी वाळत नाहीत आणि शेजारणीचं मूल आपल्या मुलाच्या पुढं गेलं. पावसाचं माझ्या हातात काही नाही. शेजारणीबद्दल मात्र लिहिते. फोंड्याला 34 वर्षं दवाखाना चालवला. तापानं फणफणलेली मुलं जेवढी आली, जवळपास तेवढ्याच शेजारणीच्या मुलामुळं हैराण झालेल्या आया आल्या.

डिचोलीहून एक आई: माझी मुलगी 11 महिन्यांची आहे. आठव्या महिन्यात बसली, पण रांगायचं नाव नाही. एक हात टेकून बसल्या बसल्या खुरडत सगळं घर फिरते. शेजारणीचा बाबू दहाव्या महिन्यातच चालायला लागला. सासूबाई म्हणतात, रांगल्याशिवाय पाय बळकट होत नाहीत. आमच्या यांनी म्हापशाहून वॉकर आणलाय. खोका उघडू का?

उघडू नका. दुकानदार परत घेत असेल तर परतच करा.

आधी रांगण्याचं बघू. जागतिक आरोग्य संघटनेनं भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतली मुलं महिनोन्महिने पाहिली आणि 2006 साली तक्ता छापला. त्यात कुठल्याही गोष्टीपुढं तारीख नाही, मुदत आहे. आधाराशिवाय बसणं 3.8 ते 9.2 महिने. हातापायांवर रांगणं 5.2 ते 13.5 महिने. कुणाचं बोट न धरता चालणं 8.2 ते 17.6 महिने. हे शेवटचे आकडे सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवा. एक धडधाकट मूल आठ महिने उलटल्यावर चालतं, दुसरं तेवढंच धडधाकट मूल साडेसतरा महिन्यांनी. बाबू लवकर चालला, छान झालं, त्याला काजूचा लाडू द्या. पण त्यावरून तुमच्या मुलीबद्दल काहीच कळत नाही. याच पाहणीत शंभरातली चारेक मुलं हातापायांवर कधी रांगलीच नाहीत. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं 2022 साली मुलांच्या वाढीची आपली यादी नव्यानं केली, तेव्हा रांगणं त्यातून काढूनच टाकलं.

खुरडणं पुष्कळदा घराण्यात असतं. सासूबाईंना हळूच विचारा, यांच्यात कोण खुरडत होतं. दहांतल्या निम्म्या वेळा तरी उत्तर ‘हाच!’ असं येतं आणि मुलीचे बाबा वर्तमानपत्रात तोंड घालतात. अशी मुलं चालायलाही जरा उशीर करतात. बसल्या जागेवरून स्वयंपाकघर गाठता येत असेल तर उभं राहायची घाई कशाला?

आता मला जे खटकलं ते. ‘एक हात टेकून’ असं तुम्ही लिहिलंय. कुठला हात? रोज तोच? चार दिवस नीट पाहा. खेळणं कधी डावीकडं, कधी उजवीकडं ठेवा. जवळच्या हातानं घेते, की लांबचा हात ओढून आणून नेहमी तोच वापरते? वर्षाच्या आत मूल डावखुरं-उजवं होत नाही. एकच हात, एकच पाय कामात येत असेल, दुसरी मूठ मिटलेली राहत असेल, दुपटं बदलताना एक मांडी बाहेर उघडत नसेल किंवा एक पाय आखूड वाटत असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. मग वय 11 महिने आहे की 13, हा प्रश्नच उरत नाही. दोन्ही बाजू सारख्या चालत असतील तर तिला खुशाल खुरडू द्या.

वॉकरमध्ये मूल लोंबकळतं. चवड्यांवर ढकलत जातं, त्याला स्वतःची पावलंही दिसत नाहीत, तोल सांभाळायची गरज पडत नाही. म्हणजे चालायला जे शिकायचं, नेमकं तेच राहून जातं. वर वेग येतो तो वेगळाच. आपल्याकडच्या घरांना बलकांव, म्हणजे दारापुढचा ओटा, आणि त्याला तीन-चार पायऱ्या. वॉकरसकट पायऱ्यांवरून गेलेल्या मुलांची डोकी मी शिवली आहेत. कॅनडानं 2004 साली वॉकर विकायलाच बंदी घातली. तुमच्या यांना काही आणायचंच असेल तर लाकडी पांगुळगाडा आणू दे. त्यामागं मूल आपल्या पायांवर उभं राहून ढकलतं, थांबतं, पडतं. फक्त समोर कुणीतरी बसायचं. आणि घरात मोजे काढा. गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालून तुम्हीआम्हीही चालणार नाही.

तुमच्या आरोग्य केंद्रात किंवा बालरोगतज्ज्ञांकडं एक तिरुवनंतपुरमचा तक्ता मिळतो, तो मागून घ्या. बडोद्याला प्रमिला फाटक यांनी आपल्याकडच्या बाळांवर मोजमापं बसवली. त्यांतल्या 17 गोष्टी निवडून केरळच्या बालविकास केंद्रानं हा एक पानाचा तक्ता केला. दोन वर्षांपर्यंत चालतो. बाळाच्या वयाच्या महिन्यावर पट्टी उभी धरायची. ज्या गोष्टीची रेघ पट्टीच्या डावीकडंच पूर्ण संपते, ती बाळाला अजून जमत नसेल, तर दाखवायला न्यायचं. त्यात शेजारणीसाठी रकाना नाही.

18 महिने पुरे होऊनही चालली नाही, तर खुरडणारी असो वा नसो, तपासून घ्या.

वाळपईहून एक आई: माझा मुलगा 33 आठवड्यांचा असताना झाला, वजन 1 किलो 700 ग्रॅम. आता साडेचार महिन्यांचा आहे, पण मान नीट धरत नाही. सगळे विचारतात, अजून कशी नाही?

कारण तो साडेचार महिन्यांचा नाही. 40 आठवड्यांचा वायदा होता, तो 7 आठवडे आधी आला. ते 7 आठवडे वजा करा. तुमचा मुलगा जेमतेम तीन महिन्यांचा आहे आणि तीन महिन्यांच्या बाळाची मान थोडी डुगडुगतेच. दोन वर्षांचा होईपर्यंत प्रत्येक गोष्ट याच दुरुस्त वयानं मोजायची. लस मात्र जन्मतारखेनं द्यायची, त्यात वजाबाकी नाही. तो जागा असताना, तुम्ही समोर बसून, दिवसातून चार-पाच वेळा पालथं घाला; झोपवताना उताणंच. तुमच्या तोंडाकडं बघून हसतो का? हसत असेल तर माझी निम्मी काळजी गेली.

उरलेली निम्मी डोळ्यांची. 34 आठवड्यांच्या आत किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ झालं, तर जन्मापासून 30 दिवसांच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी व्हायलाच हवी. तुमच्या कागदांत ती दिसते का बघा. नसेल तर हे वाचून झाल्यावर पहिला फोन डोळ्यांच्या डॉक्टरांना. कानाची तपासणीही विचारून घ्या.

मडगावहून एक आई: मुलगा 2 वर्षं 2 महिन्यांचा आहे. ‘मम्मा’, ‘उदक’, ‘भूभू’ असे सहा-सात शब्द बोलतो. घरात आम्ही कोंकणी बोलतो, माझी आई त्याच्याशी मराठी, हे इंग्रजी, कामवाली हिंदी. नर्सरीच्या चौकशीला गेलो तिथं सांगितलं, चार भाषांनी मूल गोंधळलंय, एकच ठेवा आणि ती इंग्रजी ठेवा. सासरे म्हणतात, त्याचे बाबाही तीन वर्षांनी बोलले. मी काय करू?

सासऱ्यांचं ऐकू नका आणि नर्सरीचंही ऐकू नका.

भाषांनी मूल मुकं होत नाही. तसं असतं तर गोव्यात कुणी बोललंच नसतं. इथं मूल आवयकडं कोंकणी मागतं, आजीकडं मराठीत गोष्ट ऐकतं, शाळेत तिसरीच भाषा वाचतं, आणि बाजारात कुणाशी काय बोलायचं ते त्याला आपल्याआधी कळतं. दोन भाषांत वाढणारं मूल एका भाषेत मोजलं तर कमी भरतं, म्हणून सगळ्या भाषांचे शब्द मिळून मोजायचे. तुमच्याकडं ‘उदक’ आणि आजीकडं ‘पाणी’ म्हणाला तर ते दोन शब्द. आणि तुमच्या यांची मायबोली इंग्रजी नसताना त्यांनी मुलाशी शाळेतलं इंग्रजी बोलण्यात त्याला काय मिळणार? रागावता येतं, लाडात येता येतं, उखाणा घालता येतो ती भाषा मुलाशी बोलायची.

पण तुम्ही सगळ्या भाषांचे मिळून सहा-सातच म्हणता. दोन वर्षांच्या मुलाकडं साधारण 50 शब्द असतात आणि ‘मम्मा ये’, ‘उदक दी’ असे दोन शब्द तो जोडतो. मुलगे मुलींपेक्षा थोडे मागं असतात हे खरं, पण तो फरक एक-दोन महिन्यांचा, वर्षाचा नाही. म्हणजे तुमचा मुलगा मुदतीच्या बाहेर आहे. घाबरू नका, पण थांबूही नका.

थांबा म्हणणाऱ्यांत एकदा मीही होते, ते सांगते. दवाखाना सुरू करून मला सात-आठ वर्षं झाली होती. बेतकीच्या बाजूची एक बाई दोन वर्षांच्या नातवाला घेऊन आली. बोलत नाही. मी टाळी वाजवली, त्यानं वळून पाहिलं. आजी म्हणाली, ‘ताका सगळें आयकूं येता बाये, चवथीक घुमट वाजलें काय नाचता.’ मी म्हटलं, मुलगे उशिरा बोलतात, वर्षभर पाहू. साडेतीन वर्षांचा झाला तेव्हा कानाची तपासणी झाली. त्याला खालच्या पट्टीतलं ऐकू येत होतं, वरच्या पट्टीतलं जवळजवळ काहीच नाही. घुमट म्हणजे मातीचं मडकं, त्यावर ताणलेलं कातडं, त्याचा नाद खोल, छातीत वाजणारा. दरवाजा आपटला, ट्रक गेला, घुमट घुमलं, सगळं त्याला कळायचं. पण स, श, च, ट, क ही अक्षरं वरच्या पट्टीत राहतात, ती त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. ‘शाळा’ त्याला ‘आळा’ ऐकू येत असणार. आणि माझी टाळी? मी ती त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात वाजवली होती. त्यानं हात पाहिला होता. दीड वर्ष मी त्याचं घालवलं. यंत्र लागलं, तो बोलायला शिकला, पण ‘स’ मात्र त्याला पुढं कितीतरी वर्षं अवघड गेला. तेव्हापासून न बोलणाऱ्या मुलापुढं मी टाळी वाजवत नाही, थेट कानाच्या तपासणीची चिठ्ठी लिहिते.

तर पहिलं काम कान. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजमध्ये किंवा म्हापसा, मडगावच्या जिल्हा रुग्णालयांत चौकशी करा. ‘घरात ऐकतो’ हे उत्तर कुणी दिलं तरी तपासणी होईपर्यंत ते खरं मानू नका. तपासणी दुखत नाही. एकीत कानात लहानसं बूच घालून काही मिनिटं ऐकतात. बेरा नावाची दुसरी मूल झोपेत असताना करतात. (खरं तर हे जन्मल्यावरच व्हावं: पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय, असा जगभरचा पायंडा आहे.)

कान ठीक निघाले तर तुमच्याकडून मला आणखी काही हवंय. विमान गेलं तर बोट दाखवून तुमच्याकडं बघतो का? नुसतं बोट नव्हे, ‘तू पण बघ’ असं बघणं. हाक मारली की वळतो का? रिकाम्या कपातून चहा पिण्याचं नाटक करतो का? ‘चप्पल आण’ म्हटलं, हातवारे न करता, तर आणतो का? हे सगळं असेल तर समज चांगली आहे, बोलणं मागं राहिलंय. वाचा-उपचार करणाऱ्यांकडं जायचं. यांतलं बरंचसं नसेल तर स्वमग्नतेसाठी (ऑटिझमसाठी) तपासून घ्यायचं. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी 20 प्रश्नांची एक चाचणी आहे, एम-चॅट म्हणतात, बालरोगतज्ज्ञ ती दहा मिनिटांत करतात. तिच्यात काही निघालं म्हणजे निदान झालं असं नव्हे, पुढं नीट बघायला हवं एवढंच. आणि येत असलेले शब्द विसरला, पूर्वी हात हलवून टाटा करायचा तो करेनासा झाला, असं काही घडलं असेल तर ते पत्रात लिहायचं राहून गेलं तरी डॉक्टरांना आवर्जून सांगा. आलेली गोष्ट गेली, याला कुठल्याच वयात मुदत नाही.

मोबाइलबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणजे आहे. भारतीय बालरोग अकादमी म्हणते, दोन वर्षांच्या आत पडदा अजिबात नको, दोन ते पाच वर्षांत जास्तीत जास्त तासभर. मोबाइलनं मूल बहिरं होत नाही की स्वमग्नही होत नाही. पण तो बोलतो, आणि उत्तराची वाट बघत नाही. भरवताना तो बंद ठेवा. बांगडे निवडत असाल तर मुलाला शेजारी बसवून बांगड्याचं डोकं, शेपूट, मांजर, सगळं बोला, कोंकणीत. बोलून झालं की दहा मोजेपर्यंत गप्प बसा. हे तुम्हाला वाटतं त्याहून अवघड आहे.

सासरे स्वतःच्या मुलाबद्दल खरंही सांगत असतील. पण तीन वर्षांनी बोललेल्यांच्या गोष्टी घराघरात सांगतात. तीन वर्षं थांबून पस्तावलेल्यांच्या कुणी सांगत नाही.

काणकोणहून एक आजी: नात सात महिन्यांची आहे. लवकर आणि स्पष्ट बोलावी म्हणून मधात वेखंड उगाळून जिभेवर लावायचं आमच्याकडं पूर्वापार आहे. सूनबाई लावू देत नाही. तुम्ही दोन शब्द लिहा.

आजी, तुमचं अक्षर फार सुरेख, पण दोन शब्द सूनबाईच्या बाजूचे आहेत. वर्षाच्या आत मध नको, बोटावरचा थेंबही नको. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते काही करत नाहीत, पण तान्ह्या पोटात रुजून असं विष करतात की मूल लुळं पडतं. वेखंडही पोटात नको, उलट्यांचं निमित्त. नातीची जीभ तुमच्या बोलण्यानं सुटेल. सात महिन्यांची म्हणजे ‘बाबाबा’, ‘दादादा’ चालू असेल. ती ‘बाबाबा’ म्हणाली की तुम्हीही ‘बाबाबा’ म्हणा आणि थांबा, ती परत म्हणेल. याहून मोठं औषध माझ्या कपाटात नव्हतं. नाचणीची तिझण (पेज) मात्र जरूर द्या, त्यात सूनबाई अडवणार नाही.

फोंड्याहूनच कुणीतरी: दहावा महिना संपला, एकही दात नाही.

येईल. तेराव्यापर्यंत मला कळवू नका. दातांचा बुद्धीशी काही संबंध नाही.

वास्कोहून एक बाबा: मी तारवटी. मुलगी महिन्याची असताना बोटीवर गेलो, गेल्या आठवड्यात रजेवर आलो. आता ती नऊ महिन्यांची आहे. व्हिडिओ कॉलवर मला बघून हसायची. प्रत्यक्ष घ्यायला गेलो तर किंचाळून रडते, आजीला चिकटते. बायको म्हणते सवय होईल. मला रात्री झोप लागत नाही. तिच्यात काही दोष तर नाही?

दोष नाही हो. ती नवव्या महिन्यात जे यायला हवं तेच करते आहे, आणि झकास करते आहे. आठव्या-नवव्या महिन्यात मुलाला आपलं माणूस आणि परकं माणूस यांतला फरक कळायला लागतो. त्याआधी कुणीही घ्या, ते हसतं. हे रडणं आलं नसतं तर मी विचारात पडले असते. फक्त ते तुमच्या वाट्याला आलं, एवढंच दुःखाचं.

फोनवरचा बाप तळहाताएवढा असतो. त्याला वास नाही, आवाज बारीक, आणि आई त्याला हातात धरून असते. दारातून आला तो सहा फुटी, दाढीवाला, जाड आवाजाचा माणूस. हा तोच, हे तिला कसं कळावं?

तिला घ्यायला जाऊ नका. जमिनीवर बसा, दोन-तीन हात लांब, तिच्याकडं न बघता. आजीशी हसत गप्पा मारा. आजीच्या चेहऱ्यावरून तिला कळतं, माणूस बरा आहे. हातात डबा आणि चमचा घ्या, चमचा डब्यात टाका, काढा, टाका. ती खुरडत किंवा रांगत येईल, चमचा घेईल, पळेल. घेऊ दे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पंचा तोंडावर ओढून ‘कुकूऽऽक... भॉक!’ करा. या वयात तिला नुकतंच कळलंय की नाहीशी झालेली गोष्ट संपत नाही, कुठंतरी असते. म्हणून तो खेळ तिला शंभरदा हवा असतो. तिच्यासाठी तुम्ही सध्या पंच्यामागचा चेहराच आहात. आजी खोलीतून उठून गेली तर ती पुन्हा रडेल. रडू दे, आजीला बोलवा, दोष मानू नका.

रजा किती आहे ते लिहिलं नाहीत. परत जायच्या आदल्या दिवशी तुमचा न धुतलेला शर्ट तिच्या पाळण्याजवळच्या खुर्चीवर टाकून ठेवा. आणि ती झोपलेली असताना गुपचूप निघू नका. रडली तरी चालेल, जागी असतानाच हात हलवून जा. या वयात मुलं टाटा करायला शिकतात.